राष्ट्रपतींच्या निवडणुकीत नवेगावचं वजन किती?

अमेरिकेत निवडणूक लागली की तिथल्या प्रचाराची चित्रं गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या नवेगाव बांधच्या चहाच्या टपरीवरही दिसतात. धानकापणीचे दिवस असतात, दुपारच्या विसाव्याला माणसं मोबाईल पुढ्यात धरून बसतात आणि तो उमेदवार जिंकेल की हा, यावर बोलणं होतं. अशाच एका दुपारी शेजारच्या नववीतल्या मुलीनं मला विचारलं, "काकाजी, अमेरिकेतले लोक राष्ट्राध्यक्षाले मत देतात. मग आपण राष्ट्रपतीले मत कधी देतो जी?"

मी पटकन म्हणालो, "आपण देत नाही." म्हणताक्षणी वाटलं, हे उत्तर अर्धवट आहे. आपण मत देत नाही हे खरं, पण आपलं मत तिथे पोचतच नाही असं नाही. ते पोचतं, त्याचं वजन होतं आणि ते वजन आकड्यात सांगता येतं. तो आकडा तिला नीट समजावून द्यायचा, म्हणून हा लेख.

एकाच पदाला दोन नावं का?

इंग्रजीत वॉशिंग्टनचा आणि दिल्लीचा, दोघांनाही 'प्रेसिडेंट'च म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांनी मात्र फार पूर्वीपासून दोघांना वेगळं ठेवलं आहे. तिकडचा राष्ट्राध्यक्ष, इकडचे राष्ट्रपती. ही नुसती लकब नाही, कारण ही दोन पदं खरंच एका जातीची नाहीत.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतो. मंत्री तो नेमतो, तोच काढतो. आपल्याकडे सरकार चालवतात पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ. राष्ट्रपतींच्या नावानं सगळा कारभार होतो, पण त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागायचं असतं. घटनेचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे ठेवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा आधी स्पष्ट केला होता: अमेरिकेच्या प्रेसिडेंटशी आपल्या पदाचं साम्य नावापुरतं आहे, आपल्या राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे.

मग हे पद थेट लोकांच्या मतांनी का भरलं नाही? के. टी. शहांनी घटना समितीत तशी सूचना केली होती. त्यावरचं उत्तर समजायला सरपंचाचं उदाहरण बरं पडतं. महाराष्ट्रात २०१७ साली सरपंच थेट गावानं निवडायचा असं ठरलं. २०२० मध्ये ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांमधून सरपंच निवडू लागले. २०२२ मध्ये परत थेट निवडणूक आली. पाच वर्षांत तीनदा नियम फिरला, त्यामुळे दोन्ही पद्धती आपण जवळून पाहिल्या आहेत. थेट निवडून आलेला सरपंच सदस्यांना सांगू शकतो, "मला अख्ख्या गावानं निवडलं, तुम्हाला एकेका वॉर्डानं." सदस्यांचं बहुमत दुसऱ्या बाजूचं असलं की ग्रामपंचायत दोन बैलांनी दोन दिशांना ओढलेल्या खासरासारखी होते. देशाच्या पातळीवर हेच झालं असतं. साऱ्या देशानं थेट निवडलेले राष्ट्रपती एकीकडे आणि लोकसभेला जबाबदार पंतप्रधान दुसरीकडे. ज्यांना राज्य चालवायचं नाही त्यांच्या हाती राज्य चालवण्याचा कौल देऊ नये, असा नेहरूंचा युक्तिवाद होता. त्यात कोट्यवधी मतदारांची निवडणूक भरवण्याचा खटाटोप होताच.

बाबासाहेबांचा आमच्या भागाशी आलेला संबंध इथे आठवतो. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते उभे होते. नवेगाव बांध तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये. ती निवडणूक ते हरले. राज्यसभेत मात्र ते होते आणि राज्यसभेवर सदस्यांना पाठवतात ते आमदार. म्हणजे थेट मतदान आणि प्रतिनिधींमार्फत मतदान, या दोन्ही वाटा घटनेच्या शिल्पकारानं स्वतः चालून पाहिल्या होत्या.

पाणी थेट बांधीत येत नाही

आमच्या गावाची ओळख म्हणजे तलाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधली वाट पाळीनं अडवून तो बांधला. त्या पाळीवर उभं राहिलं की समोर नुसतं पाणीच पाणी दिसतं. पण धानाच्या बांधीत उभा असलेला शेतकरी काही तलावातून थेट पाणी घेत नाही. तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडलं जातं, पाणी नहरात उतरतं, नहरातून पाटात आणि पाटातून बांधीत.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपलं मत असंच टप्प्याटप्प्यानं जातं. नवेगाव बांधचा मतदार अर्जुनी-मोरगावचा आमदार निवडतो आणि भंडारा-गोंदियाचा खासदार निवडतो. राष्ट्रपतींसाठी मतदान करतात ते हे दोघे. देशभरातल्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले खासदार, इतकीच ही मतदारयादी. विधान परिषदेच्या आमदारांना हे मत नाही. राष्ट्रपतींनी नेमलेल्या खासदारांनाही नाही, कारण ज्यानं आपल्याला नेमलं त्यालाच आपण निवडणं बरं दिसत नाही.

आता खरा प्रश्न. सगळी तुडुमं सारखी असून चालेल का? ज्या तुडुमाखाली पाचशे एकर भिजते आणि ज्याखाली पन्नास एकर, त्या दोघांतून सारखंच पाणी सोडलं तर भांडणं होतील. म्हणून पाणी सोडायचं ते खालच्या जमिनीच्या हिशेबानं. आमदारांच्या मताचंही तसंच आहे. उत्तर प्रदेशचा एक आमदार केवढ्या तरी लोकांसाठी बोलतो, सिक्कीमचा थोड्यांसाठी. दोघांचं मत सारखं मोजलं तर उत्तर प्रदेशच्या माणसावर अन्याय होईल. तेव्हा प्रत्येक आमदाराच्या मताला वजन दिलं गेलं.

१७५ हा आकडा कुठून आला?

कागद-पेन्सिल घेऊन बसा, हिशेब शाळेतल्या भागाकाराचाच आहे.

१९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. विधानसभेचे आमदार २८८. भागाकार केला की एका आमदाराच्या वाट्याला सुमारे १,७५,०४२ माणसं येतात. हा आकडा फार मोठा, म्हणून त्याला हजारानं भागायचं. उरतात १७५. महाराष्ट्राच्या कुठल्याही आमदाराच्या मताचं वजन इतकं. अर्जुनी-मोरगावच्या आमदाराचंही १७५ आणि मुंबईतल्या आमदाराचंही १७५. हीच रीत लावली की उत्तर प्रदेशचा आमदार २०८ चा होतो, गोव्याचा २० चा आणि सिक्कीमचा ७ चा.

आता खासदार. घटनेला इथे एक तोल साधायचा होता. सगळी राज्यं मिळून जेवढं वजन, जवळजवळ तेवढंच संसदेचंही असावं. म्हणून देशभरातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करायची आणि ती निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येनं भागायची. २००७ साली आमदारांच्या मतांची बेरीज होती ५,४९,४७४ आणि खासदार होते ७७६. भागाकार ७०८. म्हणून त्या वर्षी प्रत्येक खासदाराचं मत ७०८ चं. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती, बेरीज खाली आली आणि खासदाराचं मत ७०० वर उतरलं.

यात आमच्या जिल्ह्यापुरती एक गंमत सापडली. गोंदिया जिल्ह्यात विधानसभेच्या चार जागा आहेत: अर्जुनी-मोरगाव, तिरोडा, गोंदिया आणि आमगाव. चार गुणिले १७५ म्हणजे ७००. म्हणजे २०२२ च्या हिशेबानं अख्ख्या जिल्ह्याचे आमदार एका पारड्यात आणि एक खासदार दुसऱ्या पारड्यात ठेवला तर काटा मधोमध राहतो. हे त्या मुलीला दाखवलं तेव्हा तिनं गुणाकार स्वतः दोनदा करून पाहिला.

एक बोडी फुटली तर

वजनाचं कळलं, पण मत द्यायचं कसं? इथे बटण दाबायचं यंत्र नसतं. खासदारांना हिरवी आणि आमदारांना गुलाबी मतपत्रिका मिळते आणि उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. मतदान गुप्त असतं आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा बंधनकारक आदेश, इथे लागू होत नाही. जिंकायला वैध मतांच्या निम्म्यापेक्षा जास्त वजन लागतं.

कुणालाच तेवढं मिळालं नाही तर? आमच्याकडे उतारावर एकाखाली एक बोड्या, म्हणजे छोटी तळी, असतात. वरची लहान बोडी फुटली तर पाणी वाया जात नाही, ते खालच्या बोडीत येतं. तसंच इथे सर्वांत कमी मतं मिळालेला उमेदवार बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिकांवर ज्यांना दुसरी पसंती असेल त्यांच्याकडे ती मतं वळतात. निम्म्याची रेघ कुणी ओलांडेपर्यंत, किंवा रिंगणात एकच जण उरेपर्यंत हे चालू राहतं.

हे नुसतं नियमपुस्तकातलं नाही. १९६९ मध्ये खरोखर असं घडलं आणि त्यात एक मराठी माणूस मधोमध होता. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, अपक्ष व्ही. व्ही. गिरी आणि तिसरे महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावर त्या मंत्रिपदाचा राजीनामा देणारे तेच हे देशमुख. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाला स्मरून मत देण्याचं आवाहन केलं आणि काँग्रेसची मतं फुटली. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतं पडली. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. कुणीच तिथवर पोचलं नाही.

मग बोड्या फुटू लागल्या. किरकोळ उमेदवार बाद झाले, शेवटी देशमुख बाद झाले. या साऱ्यांच्या मतांतून रेड्डींना तब्बल ९१,८७९ मतं मिळाली आणि गिरींना फक्त १८,५६२. तरी गिरीच जिंकले, कारण त्यांना रेघ ओलांडायला १६,६५४ मतंच हवी होती. अंतिम आकडे: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. राष्ट्रपतिपदाचा निकाल दुसऱ्या पसंतीवर लागल्याचं आजवरचं हे एकमेव उदाहरण आहे.

जळगाव ते राष्ट्रपती भवन

त्या १९६९ च्या मतदारयादीत जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादच्या तरुण आमदारही होत्या: प्रतिभाताई पाटील. अडतीस वर्षांनी त्याच निवडणुकीत त्या उमेदवार म्हणून उभ्या राहणार होत्या. हिशेबाची ही साखळी त्यांच्या आयुष्यात जितकी स्पष्ट दिसते, तितकी क्वचितच कुठे दिसत असेल.

जन्म १९ डिसेंबर १९३४, जळगाव जिल्ह्यातलं नाडगाव. वडील नारायणराव वकील. जळगावच्या मू. जे. महाविद्यालयात शिक्षण आणि टेबल टेनिसचं मैदानही गाजवलेलं, पुढे मुंबईला कायद्याची पदवी. १९६२ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून त्या विधानसभेत गेल्या. नंतर एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून, ओळीनं चारदा. उपमंत्री झाल्या, मंत्री झाल्या, १९७९-८० मध्ये विरोधी पक्षनेत्याही होत्या. १९८५ मध्ये राज्यसभेत आणि तिथे उपसभापती. १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभेत. २००४ च्या नोव्हेंबरात राजस्थानच्या राज्यपाल, त्या राज्याच्या पहिल्या महिला राज्यपाल. या सगळ्या वाटचालीत त्या एकही निवडणूक हरल्या नाहीत.

हा क्रम पुन्हा एकदा वाचा. आमदार, राज्यसभेच्या खासदार, लोकसभेच्या खासदार. राष्ट्रपती निवडणाऱ्या यादीत ज्या तीन प्रकारची माणसं असतात, त्या तिन्ही प्रकारांत त्या बसून आल्या होत्या. ज्यांच्याकडे मतं मागायची ती माणसं कशी असतात, कशावर वळतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

१४ जून २००७ रोजी संयुक्त पुरोगामी आघाडीनं त्यांचं नाव जाहीर केलं. १९ जुलैला मतदान झालं. सगळा प्रचार पाच आठवड्यांचा. अमेरिकेत इच्छुक उमेदवार दीड-दोन वर्षं राज्याराज्यांत सभा घेत फिरतो, कारण त्याला कोट्यवधींची मनं वळवायची असतात. इथे मतदार पाच हजारांच्या आतच, आणि बहुतेक पक्षांचे ठरलेले. चुरस असते ती पक्षांच्या भिंती कुठे झिरपतात यावर. त्या वर्षी ती झिरपली महाराष्ट्रात. शिवसेना होती राष्ट्रीय लोकशाही आघाडीत, त्या आघाडीचा पाठिंबा होता प्रतिस्पर्धी उमेदवार भैरोसिंह शेखावतांना. पण मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत आहे म्हणून शिवसेनेनं प्रतिभाताईंना मतं दिली. व्हिप चालत नसल्यामुळेच हे सहज शक्य झालं. २१ जुलैच्या मोजणीत प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ मतं मिळाली. २५ जुलैला त्यांनी शपथ घेतली. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती आणि या पदावर पोचलेली पहिली मराठी व्यक्ती.

पद मिळालं, पण सत्ता? त्याचं उत्तर त्यांच्याच कारकिर्दीतल्या दोन गोष्टींत आहे. २५ नोव्हेंबर २००९ रोजी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई लढाऊ विमानातून भरारी घेतली. राष्ट्रपती तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च सेनापती असतात, म्हणून ते उड्डाण शोभून दिसलं. तो फोटो पाहून मला मनापासून अभिमान वाटला होता. पण युद्धाचा निर्णय राष्ट्रपती एकट्यानं घेत नाहीत. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मात्र सैन्याला स्वतः हुकूम देतो.

दुसरी गोष्ट दयेच्या अर्जांची. फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलण्याचा अधिकार घटनेच्या ७२ व्या कलमानं राष्ट्रपतींना आहे. प्रतिभाताईंनी अनेक अर्ज मान्य केले आणि त्यांच्यावर टीका झाली. टीकेचा हक्क सगळ्यांना आहे, पण हा अधिकारही राष्ट्रपती सरकारच्या सल्ल्यानंच वापरतात, हे त्या वेळच्या चर्चेत फार कमी लोकांनी सांगितलं. सही राष्ट्रपतींची, शिफारस गृहमंत्रालयाची. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याखालच्या गुन्ह्यासाठी राष्ट्राध्यक्ष माफी देतो तेव्हा त्याला कुणाच्याही शिफारशीची गरज नसते.

राष्ट्रपतींच्या हाती मग काहीच नाही असंही समजू नका. संसदेनं मंजूर केलेलं विधेयक ते एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. डॉ. कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचं विधेयक तसं परत पाठवलं होतं. संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं की सही करावी लागते. थांबून विचार करायला लावण्याचा हा हक्क आहे, अडवून ठेवण्याचा नाही.

आणि अमेरिकेतलं मत तरी थेट असतं का?

त्या मुलीच्या प्रश्नात एक गृहीत होतं, ते सोडवायला हवं. अमेरिकेतला मतदारही राष्ट्राध्यक्षाला थेट निवडत नाही. तिथेही मधे माणसं आहेत, ५३८ निर्वाचक. जिंकायला २७० लागतात. प्रत्येक राज्याला लोकसंख्येनुसार कमी-जास्त निर्वाचक मिळतात. फरक असा की आपले आमदार आधीपासून दुसऱ्या कामासाठी निवडलेले असतात, त्यांचे निर्वाचक या एकाच कामासाठी.

दुसरा फरक जास्त मोठा आहे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर जो उमेदवार राज्यात एका मतानं पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. आपल्याकडे महाराष्ट्राचे २८८ आमदार दोन उमेदवारांत विभागले तर मतंही तशीच विभागतात. तिकडे अख्खं तळं एकाच नहरात सोडतात. म्हणून २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मतं जास्त मिळूनही डोनाल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाले. २००० साली अल गोर यांच्या बाबतीतही तेच झालं होतं.

चौकट: थोडक्यात हिशेब

आमदाराच्या मताचं वजन = राज्याची १९७१ ची लोकसंख्या ÷ निवडून आलेल्या आमदारांची संख्या ÷ १०००
महाराष्ट्र १७५, उत्तर प्रदेश २०८, गोवा २०, सिक्कीम ७
महाराष्ट्राच्या सगळ्या आमदारांचं मिळून वजन: २८८ × १७५ = ५०,४००
खासदाराच्या मताचं वजन = देशातल्या सर्व आमदारांच्या मतांची बेरीज ÷ निवडून आलेल्या खासदारांची संख्या (२००७ मध्ये ७०८, २०२२ मध्ये ७००)
उमेदवारासाठी अटी: वय किमान ३५, सूचक ५०, अनुमोदक ५०, अनामत १५,००० रुपये
मुदत: ५ वर्षं

१९७१ वर थांबलेला काटा

हिशेब समजावून झाला तेव्हा मुलीनं वहीतल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "काकाजी, १९७१ कशाला? तेव्हा तर माझी आईबी नव्हती."

तिनं नेमकी दुखरी जागा पकडली होती. मूळ नियम ताज्या जनगणनेचा होता. पण सत्तरच्या दशकात कुटुंबनियोजनाची मोहीम जोरात होती आणि पेच असा पडला की ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचंच वजन घटणार. चांगलं काम केल्याची शिक्षा कशी द्यायची? म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं हा आकडा १९७१ वर गोठवला आणि ८४ व्या दुरुस्तीनं या गोठवणुकीची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली.

किती फरक पडतो ते आम्ही दोघांनी मिळून काढलं. २०११ ची लोकसंख्या धरली तर महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५ ऐवजी ३९० चं होतं, उत्तर प्रदेशचं २०८ ऐवजी ४९६ चं, केरळचं १५२ ऐवजी २३९ चं. सगळेच वाढले असं वाटतं, पण प्रमाण पाहा. आज केरळचा आमदार उत्तर प्रदेशच्या आमदाराच्या पाऊण वजनाला जरासा कमी आहे, नव्या हिशेबात तो निम्म्याच्याही खाली जातो.

महाराष्ट्रही उत्तर प्रदेशच्या तुलनेत थोडा हलका होतो. आणि पुढे आमदारांची संख्याही बदलली तर भागाकारातला खालचा आकडाही हलेल. तिनं वहीत नव्यानं १९७१ लिहिलं, त्याला गोल केला आणि पुढच्या जनगणनेसाठी शेजारी एक रिकामा चौकोन काढून ठेवला.